पंप बदलण्यापूर्वी: सी-टेनच्या नव्या मालकांसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

ही मार्गदर्शिका कोणासाठी

१९६७ ते १९७२ या काळातला शेवरले सी-टेन पिकअप ज्यांच्या दारात उभा आहे, आणि नुसता उभाच आहे, अशांसाठी. जीएमसीच्या बिल्ल्याचं जुळं भावंड असलं तरी हरकत नाही. जाळी वेगळी, दुखणी तीच. वाचक अमेरिकेत मुरलेला, बैठ्या नोकरीतला मराठी माणूस आहे, मुलं कॉलेजला गेली आहेत, गॅरेजमध्ये एका गाडीची जागा मोकळी झाली आहे आणि ती मोकळीच राहू द्यावी हा घरातून आलेला सल्ला त्याने मानलेला नाही, असं आम्ही धरून चाललो आहोत. ट्रक विकणाऱ्याने किल्ली हातात ठेवताना "फ्युएल पंपाचं तेवढं बघून घ्या, बाकी गाडी टकाटक" असं सांगितलं असेल आणि वाचकाचा त्यावर विश्वास बसला असेल, तर प्रवेशपरीक्षा उत्तीर्ण झाली असं समजावं.

पूर्वानुभवाची अट नाही. अनुभवी माणसं पंप विकत घेण्याआधी तपासणी करतात आणि बरेचदा पंप घेतच नाहीत. अशांना या मार्गदर्शिकेचा काही उपयोग नाही.

साहित्य

पाने दोन, त्यातला एक फ्लेअर-नटाचा. साधा पाना पितळी नटाचे कोपरे गोल करून ठेवतो आणि मग नट जन्माचा तिथेच राहतो. पेट्रोल झेलायला एक डबा. चिकट, घट्ट ग्रीस. एक लाकडी पेन्सिल. ती कशाला ते पुढे कळेल. पेट्रोलच्या आगीवर चालणारा, म्हणजे बी वर्गाचा अग्निशामक, आणि तो हाताशी. गाडीखाली सरकवून ठेवलेला नव्हे. याशिवाय एक साडू, ज्याच्याकडे एके काळी पद्मिनी होती. साडू नसल्यास शेजारी चालेल, पण शेजारी स्वतःची हत्यारं परत मागतो.

पायरी पहिली: निदान (खऱ्या नवशिक्याने ही गाळावी)

लक्षण साधारण असं. गावातल्या गावात ट्रक झकास चालतो. फ्रीवेच्या रॅम्पवर पाय दाबला की थोड्या वेळात इंजिन अडखळतं, खोकतं आणि मान टाकतं. कडेला घेऊन, बॉनेट उघडून तुम्ही गंभीर चेहऱ्याने आत बघत राहता, आणि थोड्या वेळाने किल्ली फिरवली की काही घडलंच नाही अशा थाटात ते सुरू होतं. नवशिक्याचा निष्कर्ष तयारच असतो: पंप गेला.

हेच लक्षण तुंबलेल्या फिल्टरचं असतं. टाकीच्या झाकणातलं हवेचं भोक बुजल्याचं असतं. टाकीतल्या जाळीवर गंजाचा थर बसल्याचं, तडकलेल्या रबरी नळीतून हवा शिरल्याचं, आणि तापली की दगा देणाऱ्या इग्निशन कॉइलचंही असतं, जिचा पेट्रोलशी काडीचा संबंध नाही. या रांगेत पंपाचा नंबर बराच मागे लागतो. पण "टाकीच्या झाकणाचं भोक साफ केलं" हे शनिवारच्या मराठी मंडळाच्या जेवणात चारचौघांत सांगण्यासारखं वाक्य नाही. "नवा पंप टाकला" हे आहे.

तरीही ज्यांना पैसे वाचवायचेच आहेत, त्यांनी ट्रक बंद पडल्याबरोबर उतरून ड्रायव्हरच्या दारामागचं पेट्रोलचं झाकण उघडावं. फुस्स करून हवा आत ओढली गेली, आणि त्यानंतर ट्रक सुरळीत चालला, तर दोष झाकणाचा. टाकीतलं पेट्रोल कमी होतं तसतशी हवा आत यायला हवी. ती येत नसेल तर पंपाने टाकीशी किती वेळ झटापट करायची?

झाकण निर्दोष ठरलं तर कार्ब्युरेटरपाशी या. इंजिन ३५० आणि वर चार नळ्यांचा रॉचेस्टर क्वाड्राजेट असेल, तर पेट्रोलची लोखंडी नळी जिथे कार्ब्युरेटरमध्ये शिरते तिथे एक मोठा नट दिसेल. त्याच्या पोटात अंगठ्याच्या पेराएवढा फिल्टर असतो, कागदी किंवा ब्राँझचा, आणि त्याच्या मागे एक छोटी स्प्रिंग. हा फिल्टर तिथे आहे हेच अनेक मालकांना ठाऊक नसतं. ते टाकीजवळ एक पारदर्शक फिल्टर बसवतात, त्यातून स्वच्छ पेट्रोल वाहताना बघून खूश होतात, आणि आतला हा मात्र मागच्या मालकाच्या काळापासून गंजाची तपकिरी भुकटी गिळत बसलेला असतो. काढताना मोठा नट एका पान्याने धरून ठेवा आणि नळीचा नट दुसऱ्याने फिरवा, नाहीतर नळीला पीळ बसेल. परत बसवताना जोर करू नका. कार्ब्युरेटरचं अंग जस्ताच्या मऊ मिश्रधातूचं असतं. आटे एकदा गेले की पंपाच्या कितीतरी पट खर्च येतो.

शेवटची तपासणी थेट पंपाची. इंजिन गार असताना कार्ब्युरेटरपाशी नळी सोडवून तिचं तोंड डब्यात धरा. कॉइलची मधली वायर काढून बॉडीला अर्थ करा, म्हणजे ठिणगी पडणार नाही. घरच्या कुणाला तरी किल्लीवर बसवा आणि "आता" व "बस" एवढ्या दोनच सूचना ठरवून घ्या, कारण बॉनेटखालून ओरडलेलं तिसरं काहीही आत नीट ऐकू जात नाही. अर्ध्या मिनिटात साधारण एक पाइंट, म्हणजे अर्ध्या लिटरला थोडं कमी पेट्रोल यायला हवं. दमदार पिचकाऱ्या आल्या, तर पंप ठणठणीत आहे आणि ही मार्गदर्शिका इथे संपते.

पंप आधीच ऑर्डर करून झालेला असल्यास पुढे वाचा.

खरोखर मेलेला पंप ओळखणं मात्र अवघड नाही. त्याच्या अंगाला खाली एक बारीक भोक असतं. आतला पडदा, म्हणजे डायफ्रॅम, फाटला की तिथून पेट्रोल ठिबकतं. किंवा ते गुपचूप इंजिनाच्या तेलात उतरतं. डिपस्टिक काढून हुंगा. तेलाला पेट्रोलचा वास येत असेल आणि पातळी तुम्ही काही न घालता वर गेली असेल, तर ट्रक तिथेच ठेवा. पातळ झालेलं तेल बेअरिंगांना सांभाळत नाही, आणि क्रँककेसमधली पेट्रोलची वाफ तर त्याहून वाईट.

पायरी दुसरी: पंप काय करतो

फोर्डच्या मॉडेल टी गाडीला पंपच नव्हता. टाकी वर, कार्ब्युरेटर खाली, पेट्रोल आपोआप उतरायचं. टाकीत पेट्रोल कमी असताना तीव्र चढ आला तर लोक गाडी उलटी करून रिव्हर्समध्ये चढवायचे. सी-टेनची टाकीही उंचावर आहे, चक्क केबिनमध्ये, सीटच्या पाठीमागे. पण कार्ब्युरेटर व्ही-एटच्या डोक्यावर चढून बसलेला, त्यामुळे मधे कोणीतरी उचल करणारा लागतो.

तो इंजिनाच्या पुढच्या बाजूला, उजवीकडे, खाली असतो. आत कॅमशाफ्टवर एक विकेंद्री चकती आहे. ती फिरली की पावणेसहा इंचांचा एक पोलादी दांडा मागे-पुढे होतो, दांडा पंपाची तरफ दाबतो, तरफ डायफ्रॅम खाली ओढते आणि टाकीकडून पेट्रोल आत येतं. कॅमशाफ्ट इंजिनाच्या निम्म्या वेगाने फिरतो, म्हणजे इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्या घेत असेल तर पंप १५०० ठोके देतो.

इथवर सगळे पंप सारखेच वाटतात. खरी मेख पुढे आहे. पेट्रोल कार्ब्युरेटरकडे ढकलण्याचं काम तरफ करतच नाही. ते डायफ्रॅमखालची स्प्रिंग करते. इंजिन फक्त स्प्रिंग दाबून देतं आणि बाजूला होतं. कार्ब्युरेटरची वाटी भरली, फ्लोट वर आला, सुईने दार बंद केलं, की स्प्रिंगला ढकलायला जागा उरत नाही. डायफ्रॅम खालीच थांबतो आणि तरफ रिकामी हलत राहते. ना सेन्सर, ना वायर, ना संगणक. दाब किती असावा हे कारखान्यात निवडलेल्या त्या एका स्प्रिंगने ठरवलेलं आहे.

मराठी वाचकाला हे पंगतीच्या भाषेत लवकर कळेल. कार्ब्युरेटर हा पानावर बसलेला पाहुणा. पोट भरलं की तो पानावर हात आडवा धरतो. तो हात म्हणजे फ्लोटची सुई. जुना पंप हा जाणता वाढपी, हात दिसला की ताट घेऊन थांबणारा. आणि पौंडात मोजतात तो दाब म्हणजे आग्रह. चार ते सहा, फार तर सात पौंडांचा आग्रह पाहुण्याला सोसतो. दहा-बारा पौंडांचा झाला की आडवा हात बाजूला सारून जिलबी पानात पडते, पानातून मांडीवर पडते, आणि मांडी म्हणजे इथे तापलेला इनटेक मॅनिफोल्ड.

पायरी तिसरी: तुमचं इंजिन कोणतं

"माझं इंजिन मला ठाऊक आहे" असं म्हणणाऱ्यांसाठी ही पायरी विशेष आहे.

सुट्या भागांच्या दुकानात काउंटरवरचा मुलगा चार प्रश्न विचारतो: साल कोणतं, इंजिन कोणतं, टू-व्हील की फोर-व्हील, एसी आहे का. ट्रकला रेडिओसुद्धा नाही तिथे एसी कुठला, असं हसून सांगू नका. प्रश्न बरोबर आहे. एसीवाल्या काही गाड्यांच्या पंपाला तिसरं तोंड असायचं, जास्तीचं पेट्रोल आणि वाफ टाकीकडे परत पाठवायला. दोन तोंडांच्या जागी तीन तोंडांचा पंप आणलात तर तिसऱ्याचं काय करायचं हा प्रश्न रविवारी संध्याकाळी पडतो, दुकान बंद झाल्यावर.

इंजिनाचा प्रश्न जास्त खोल आहे. कागदपत्रांत ३०७ लिहिलेलं असतं, एअर क्लीनरवर ३५०चं स्टिकर असतं, आणि मागच्या मालकाने प्रत्यक्षात काय टाकलं ते तो सांगत नाही. इंजिन बदललेले सी-टेन पैशाला पासरी आहेत. खात्री हवी तर ब्लॉकच्या मागच्या टोकाला, ड्रायव्हरच्या बाजूला, गिअरबॉक्स जिथे जोडला जातो त्या कडेवर ओतीव क्रमांक वाचा. जागा फायरवॉलजवळच्या चिंचोळ्या फटीत आहे आणि वर पन्नास वर्षांचं काजळ. आरसा, बॅटरी, ब्रेक क्लीनर आणि शिव्या यांच्या मदतीने ३९७००१० असा आकडा दिसला तर बहुधा तुमच्याकडे ३५० आहे; हा ब्लॉक १९६९ पासून पुढे बरीच वर्षं ओतला गेला.

सहा सिलिंडरचं सरळ २५० इंजिन असेल तर गोष्ट आणखी निराळी. त्याच्या पंपाची लांब तरफ थेट कॅमशाफ्टला टेकते, मधे दांडा नाही. हा पंप व्ही-एटला बसत नाही. दोन्ही ट्रक शेवरलेचे, दोन्ही १९७०चे, दोन्ही हिरवे, यातल्या कशानेही फरक पडत नाही.

जुना पंप काढल्यावर त्याच्या अंगावर "एसी" ही अक्षरं दिसली तर ती एअर कंडिशनरची नव्हेत. ती आल्बेर शाँपियोंची आद्याक्षरं. हा फ्रेंच सायकलपटू १८९९ साली पॅरिस-रुबे शर्यत जिंकला, पुढे अमेरिकेत येऊन स्पार्क प्लगच्या धंद्यात पडला आणि मिशिगनमधल्या फ्लिंटला त्याच्या नावाची कंपनी उभी राहिली. आपल्याकडे अँबॅसिडर-पद्मिनीच्या जमान्यातले मिस्त्री या जातीच्या पंपाला सरसकट एसी पंपच म्हणत आले. साडूला फोटो पाठवलात तर तोही तेच म्हणेल आणि "हाताने मारायची पट्टी कुठाय?" असं विचारेल. भारतात त्या पंपांना पेट्रोल चढवायला एक छोटी पट्टी असायची. सी-टेनच्या पंपाला नसते. साडूला वाईट वाटेल.

पायरी चौथी: यांत्रिक की विजेवरचा

इथे माणसं वाहवत जातात, म्हणून आम्ही जरा रेंगाळतो.

यांत्रिक पंप दिसायला अगदीच गरीब. ओतीव ॲल्युमिनियमची किंवा पत्र्याची वाटी, दोन बोल्ट, दोन तोंडं. साध्यातला साधा पंप चार माणसांच्या हॉटेलातल्या जेवणापेक्षा स्वस्त पडतो. विजेवरचे पंप मात्र रंगीत खोक्यांतून येतात आणि खोक्यावर आकडे असतात. होलीचा लाल पंप तासाला ९७ गॅलन, निळा ११० गॅलन. कार्टरचा साधा रोटरी पंप ७२ गॅलन. हे आकडे समोरून काही अडथळा नसताना मोजलेले, पण नवशिक्याला तेवढा वेळ कुठे? ११० मोठा की ७२, एवढाच हिशोब करून तो निळा उचलतो.

आता खरा हिशोब. पूर्ण ताकदीवर चालणारं पेट्रोल इंजिन एका अश्वशक्तीला तासाला साधारण अर्धा पौंड पेट्रोल खातं. तुमच्या ३५०ने प्रत्यक्षात २०० अश्वशक्ती दिली असं उदारपणे धरू. झाले तासाला १०० पौंड. एक गॅलन पेट्रोल सुमारे सहा पौंडांचं, म्हणजे तासाला सतरा गॅलनही नाहीत, आणि तेही पाय पाटीला टेकवून तासभर ठेवला तर. फ्रीवेवर ताशी ६० मैलांनी निवांत जाताना गॅलनला बारा मैल मिळत असतील, तर खर्च तासाला पाच गॅलन. आणि पहिल्या पायरीतली ती डब्याची परीक्षा आठवा: अर्ध्या मिनिटाला एक पाइंट म्हणजे तासाला पंधरा गॅलन, आणि एवढं तो गरीब पंप नुसत्या स्टार्टरवर, इंजिन सुरूसुद्धा नसताना देतो. मग ११० गॅलन कुणासाठी?

आग्रहाचा मुद्दा याहून गंभीर आहे. निळ्या पंपाचा दाब १४ पौंडांपर्यंत जातो. म्हणून त्याच्यापुढे रेग्युलेटर बसवून तो सहावर आणायचा. आधी चौदाचा पंप विकत घ्यायचा, मग त्याला सहावर आणणारं यंत्र विकत घ्यायचं, मग ते यंत्र काम करतंय का हे बघायला गेज विकत घ्यायचं. कारखान्यातली ती एक स्प्रिंग हे सगळं फुकटात करत होती. लाल पंप सातपर्यंत जातो, तेवढं चालून जातं, पण तो चांगलाच बोलका आहे. सिग्नलला उभं राहिल्यावर शेजारच्या गाडीतला माणूस खिडकी खाली करून आवाज कसला म्हणून विचारतो.

"पंप तो पंप" म्हणत इंजेक्शनवाल्या गाडीचा आणू नका. १९८७ पासून शेवरलेच्या पिकअपांना थ्रॉटल-बॉडी इंजेक्शन आलं, त्याचा दाब ९ ते १३ पौंड. पुढच्या इंजेक्शनवाल्या गाड्या चाळीस-साठच्या घरात. हे पंप भंगारात स्वस्त मिळतात, आणि कार्ब्युरेटरला जोडले तर का स्वस्त मिळतात ते कळतं.

विजेवरचा पंप सर्वस्वी वाईट आहे असं आमचं म्हणणं नाही. ट्रक महिन्यातून एकदाच निघत असेल तर मधल्या काळात कार्ब्युरेटरची वाटी सुकते. विजेवरचा पंप ती किल्ली फिरवल्याबरोबर भरतो, स्टार्टरला घाम फोडत नाही. इंजिन भलतंच वाढवून घेतलं असेल तरी तो लागेल. पण मग तो नीट बसवा. हे पंप ढकलण्यात हुशार आणि ओढण्यात ढ असतात, त्यामुळे जागा टाकीजवळ आणि टाकीच्या तळापेक्षा खाली. बॉनेटखाली, बॅटरीच्या बाजूला मोकळी जागा दिसली म्हणून तिथे नव्हे. फ्यूज हवा, रिले हवा. सर्वांत महत्त्वाचं म्हणजे इंजिन बंद पडलं की पंपही बंद पडला पाहिजे: तेलाच्या दाबावर चालणारा स्विच बसवा, नाहीतर फोर्डच्या इंजेक्शनवाल्या गाड्यांत असतो तसा धक्क्याने तुटणारा इनर्शिया स्विच. यांत्रिक पंपाला हे शिकवावं लागत नाही. इंजिन थांबलं की तो थांबला. विजेवरचा मात्र गाडी उलटी होऊन चाकं आकाशाकडे असली तरी इमानेइतबारे पेट्रोल ओतत राहील. तुमच्या टाकीत वीसेक गॅलन आहेत आणि ती तुमच्या पाठीला लागून आहे.

ज्यांना अजूनही निवड करता येत नाही त्यांच्यासाठी: यांत्रिक घ्या.

पायरी पाचवी: नळ्या

नवा पंप आणि जुन्या नळ्या हे समीकरण लोकप्रिय आहे. अमेरिकेत मिळणाऱ्या बहुतेक पेट्रोलमध्ये दहा टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं (भारतात आता वीस टक्के, तिकडे जुनी जीप सांभाळणाऱ्यांनीही कान टवकारावेत), आणि १९७०च्या रबराला इथेनॉल मानवत नाही. ते फुगतं, मऊ पडतं, मग आतून सोलत जातं, आणि सोललेले काळे तुकडे कार्ब्युरेटरच्या त्या अंगठ्याएवढ्या फिल्टरात जाऊन बसतात. कार्ब्युरेटरसाठी ३०आर७ अशी खूण छापलेली नळी पुरते. ३०आर९ इंजेक्शनच्या दाबाची, महाग, पण चालेल. नळी फिरवून छाप वाचा. पाण्याची, व्हॅक्यूमची किंवा "घरात पडली होती" जातीची नळी नको.

टाकी आणि पंप यांच्यामधली नळी खास बघा. तिथे चालू इंजिनात ओढ असते, त्यामुळे बारीक तड गेली तर पेट्रोल बाहेर न येता हवा आत जाते. खाली डाग नाही, वास नाही, आणि पंप मात्र हवा गिळून दमतो. मिस्त्री लोक म्हणतात "एअर घेतोय" ते हेच.

लोखंडी नळीच्या फ्लेअर जोडाला टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. तिथे धातूवर धातू बसून गळती थांबते, आट्यांनी नव्हे. टेपचे तंतू सुटतात आणि कुठे जातात ते आता सांगायला नको.

पायरी सहावी: बसवणं

बॅटरीची वायर काढा. टाकीकडची नळी पंपापासून सोडवली की पेट्रोल वाहू लागेल आणि वाहतच राहील, कारण टाकी वर आहे. नळीच्या तोंडात पेन्सिल खुपसा. ती यासाठी होती.

पंपाचे दोन बोल्ट काढले की पंप हातात येतो. त्यामागे पत्र्याची एक प्लेट आहे, तिच्या मागे आणखी एक गॅस्केट. तेल झिरपत असेल तर तीही बदलून टाका. आणि आता तो पावणेसहा इंची दांडा ब्लॉकमधून हळूच खाली सरकेल. त्याची दोन्ही टोकं बघा, झिजून मशरूमसारखी पसरली असतील तर दांडाही नवा घ्या. झिजलेल्या दांड्याने नवा पंपसुद्धा अर्धाच ठोका मारतो.

दांडा वर ठेवायचा आणि त्याच वेळी पंपाची तरफ त्याच्याखाली सरकवून दोन बोल्ट लावायचे, यासाठी माणसाला तीन हात लागतात. दोन हातवाल्यांसाठी ग्रीस. दांड्याला ते सढळ फासा, वर ढकला, चिकटून राहील. उन्हात गाडी तापली असेल तर राहणार नाही. आधी क्रँक हाताने फिरवून विकेंद्री चकतीची कमी उंचवट्याची बाजू दांड्याकडे आणली तर दांडा आणखी वर जातो आणि काम सोपं होतं. ती आली की नाही हे कसं ओळखायचं? पंप बसवताना स्प्रिंगशी कुस्ती करावी लागली नाही, तर आली होती.

दुसरी युक्ती जुन्या शेवरलेवाल्यांची. ब्लॉकच्या पुढच्या तोंडाला, उजवीकडे, दांड्याच्या रेषेत एक आखूड बोल्ट असतो. तो काढून तिथे त्याच आट्यांचा लांब बोल्ट बोटांनी, फक्त बोटांनी, दांड्याला टेकेपर्यंत फिरवायचा. दांडा अडकून राहतो, पंप आरामात बसतो. मग लांब बोल्ट काढून आखूड परत लावायचा. हे शेवटचं वाक्य पुन्हा वाचा. लांब बोल्ट तसाच राहिला आणि तुम्ही स्टार्टर मारलात, तर कॅमशाफ्ट एका अडवलेल्या पोलादी दांड्यावर धडकतो आणि पंपाची मार्गदर्शिका इंजिनाची होते. काम संपल्यावर बाकावर आखूड बोल्ट पडलेला दिसला तर किल्लीला हात लावू नका.

पंपाचे बोल्ट दोन्ही बाजूंनी थोडे थोडे, आलटून पालटून आवळा. नळ्या जोडा. पेन्सिल काढून मग जोडा, हे आम्ही सांगतोय कारण पेन्सिल आत ढकलून वर नळी चढवणारे लोक या जगात आहेत.

पायरी सातवी: सुरू करणं

तेलात पेट्रोल गेलं होतं का? मग आधी तेल आणि तेलाचा फिल्टर बदला. त्यानंतर किल्ली. कोरड्या वाटीत पेट्रोल चढायला वेळ लागतो. दहा-पंधरा सेकंद स्टार्टर मारा, थांबा, त्याला गार होऊ द्या, पुन्हा मारा. सुरू झाला की लगेच फोटो काढायला धावू नका. टॉर्च घेऊन प्रत्येक जोडावरून कोरडा कागद फिरवा. कागद ओला झाला तर बंद करा. थेंबभर गळती आपोआप बसते असं साडू म्हणेल. बसत नाही.

उन्हाळ्यासाठी पुरवणी

ॲरिझोना किंवा टेक्साससारख्या राज्यांत राहत असाल तर मे उजाडल्यावर सगळं नवं असूनही ट्रक तापून बंद पडू शकतो. एक्झॉस्टजवळून जाणाऱ्या नळीत पेट्रोलची वाफ होते, आणि वाफ पंपाला धड ओढता येत नाही, ढकलता येत नाही. अमेरिकेतले जुने लोक यावर पेट्रोलच्या नळीला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे ओळीने लावतात. अशा ट्रकचा मालक तुम्हाला अतिशय शांतपणे सांगेल की याने फरक पडतो. चिमट्यांच्या उपयोगाबद्दल वाद घालू नका. त्याऐवजी नळी एक्झॉस्टपासून दूर घ्या, मधे पत्र्याचा आडोसा करा, आणि तरीही जमलं नाही तर तिसऱ्या तोंडाचा पंप आणि टाकीकडे परतीची नळी यांचा विचार करा. त्या काउंटरवरच्या मुलाला तोवर तुमचं नाव पाठ झालेलं असेल.

जुन्या पंपाचं काय

तो फेकायच्या आधी त्याच्या कडेला बघा. वरची आणि खालची वाटी स्क्रूंनी जोडलेली असेल तर तो उघडता येतो, आणि इथेनॉल सोसणाऱ्या डायफ्रॅमचं, व्हॉल्व्हांचं किट मिळतं. उघडण्याआधी दोन्ही वाट्यांवर खिळ्याने आडवी रेघ मारा, म्हणजे परत जोडताना तोंडं त्याच दिशेला राहतील. कडा पत्रा दुमडून कायमची बंद केलेली असेल तर त्यात काही करण्यासारखं नाही. पेट्रोल पूर्ण निथळू द्या आणि भंगारात घाला.

स्क्रूवाला असेल तर किट मागवा. ते काम हिवाळ्यात, बाकावर बसून करायचं आहे.